देवळीचे दोन गाल

रिन्झे सुतारानं शब्द दिला होता की दुपारच्या जेवणाच्या आत देवळी वर बसलेली असेल, आणि बसली. क्रेननं ती अख्खी, काचांसकट, रस्त्यावरून उचलली, घरावरून पलीकडे नेली आणि मागच्या छपरात कापून ठेवलेल्या भोकात अलगद टेकवली. सगळी गल्ली माना वर करून बघत होती. रिन्झे खाली उभा राहून असे हात हलवत होता, की क्रेन जणू त्याच्या बोटांवरच चालते.

उतरत्या छपरातून अशी खोलीसारखी खिडकी बाहेर काढली की आमच्याकडे तिला छपरावरची देवळी म्हणतात. कुणी ठेवलं हे नाव कोण जाणे. आत ना देव ना दिवा. ती बसली की माळ्यावर माणूस ताठ उभा राहू शकतो, एवढंच तिचं पुण्य. तिच्या दोन बाजूंच्या तिकोनी भिंतींना म्हणतात गाल. आता हे सगळं सांगायचं कारण ते गालच आहेत.

मी यित्स्के. वय अडुसष्ट. हार्लिंगनच्या बंदरात एकेचाळीस वर्षं शिडं शिवली आणि अजून शिवते. जुन्या, सपाट बुडाच्या होड्यांची शिडं लोकांना हातशिलाईची लागतात. दाभण, मेणाचा दोरा आणि तळहाताला बांधलेला चामडी पट्टा, एवढंच माझं यंत्र. काम सगळं हिवाळ्याचं, कारण उन्हाळ्यात होड्या पाण्यात असतात. बंदरावरचा माझा गाळा गेला, तिथं आता आइस्क्रीम विकतात. तेव्हापासून मी घराच्या माळ्यावर बसते, आणि त्या माळ्यावर गेले दोन हिवाळे असा गारठा होता की नऊला बसावं आणि दहाला बोटं लाकडाची व्हावीत. दाभण आपल्याला लागलं हे रक्त दिसल्यावर कळायचं.

माझा एकुलता एक मुलगा हार्मेन लेउवार्डनला असतो. त्याला ही गोष्ट आयतीच सापडली.

"आई, घर विक. म्हाताऱ्या माणसांसाठी इतके छान फ्लॅट बांधलेत. पाचवा मजला, लिफ्ट, फरशीखालून ऊब. अनवाणी फिरशील."

"आणि शिडं कुठं पसरू? लिफ्टमध्ये?"

"शिडं सोड आता."

हे वाक्य त्यानं जसं म्हटलं ना, 'चहा सोड' म्हणावं तसं, तिथंच माझी तळपायाची आग मस्तकात गेली. पण मी शहाणपणानं घेतलं. म्हटलं, मी माळ्याला देवळी बसवते. खोली उंच होईल, उजेड येईल आणि उबदारही करून दाखवते. ऑक्टोबर संपेपर्यंत तिथं बसून मला काम करता आलं नाही, तर तुझ्या फ्लॅटच्या कागदावर मी स्वतः सही करते. हार्मेन लगेच हो म्हणाला. त्याला वाटलं, म्हातारी हरणार.

तर देवळी बसली, कौलं लागली आणि रिन्झेच्या माणसांनी छपराच्या माथ्यावर, रस्त्यावरून दिसेल असा, झेंडा लावला. झेंडा लागला की घरमालकानं बिअरचं खोकं आणायचं, ही आमच्याकडची रीत. माझ्या बापानं पाळली, त्याच्या बापानं पाळली. खोकं तयारही होतं, मागच्या दाराशी. आधी वर जाऊन बघावं म्हणून मी जिना चढले.

त्या दिवशी पश्चिमेचा वारा होता, समुद्रावरून थेट येणारा. मी हाताची मागची बाजू थुंकीनं ओली केली आणि काचेच्या कडेनं फिरवली. काचा उत्तम, तीन पदरी, त्यांच्यापाशी काही नाही. मग हात गालाच्या कोपऱ्याशी नेला. गार. वरच्या कोपऱ्यात नेला. तिथं तर अख्ख्या मनगटाला वारा लागला.

"रिन्झे, वर ये."

रिन्झे आला. आम्ही एका वर्गात होतो, तेव्हापासून त्याला कुणी चूक दाखवली की तो आधी हसतो.

"वारा येतोय," मी म्हटलं.

"नवीन घरात येतो थोडा. बसेल."

"वारा काय पाहुणा आहे, बसायला?"

"यित्स्के, तीन पदरी काच आहे. गावात कुणाकडे नाही."

"काचेचं नाही, गालाचं बोलतेय. आत काय भरलंयस?"

"जे भरतात ते भरलंय."

मी खाली जाऊन पटाशी आणली आणि डाव्या गालाची एक फळी उचकटली. रिन्झे "अगं, अगं" करत राहिला. आत बघते तर ऊब धरणारे जाड तक्ते भरले होते खरे, पण तिन्ही बाजूंनी दोन दोन बोटं आखूड. कोपऱ्यातून माझा हात आरपार गेला, बाहेरच्या फळीला टेकला. आणि ओल अडवायचा प्लॅस्टिकचा पडदा होता बाहेरच्या अंगाला, थंडीच्या बाजूला. बडा घर पोकळ वासा म्हणतात ते हेच.

आता मी सुतार नाही. पण ओली शिडं पिशवीत कोंबून ठेवली की वसंतापर्यंत त्यांची काय गत होते, हे मला पक्कं ठाऊक आहे. खोलीतल्या माणसाच्या श्वासाची, कॉफीच्या वाफेची ओल भिंतीत शिरते. पडदा आतल्या, उबेच्या बाजूला असला तर ती अडते. बाहेरच्या बाजूला असला तर भिंतीत शिरून तिथंच मुरते, आणि दोनचार हिवाळ्यांत लाकडाचा भुगा.

"पडदा उलटा लावलायस," मी म्हटलं.

"तीस वर्षं असाच लावतोय."

"म्हणजे तीस वर्षं चुकतोयस."

त्यानंतर तो हसला नाही. म्हणाला, मोठा हीटर घे, सगळ्यांकडे आहे. मी म्हटलं, भोकाच्या बादलीत पाणी ओतत बसायची मला सवय नाही. तो म्हणाला, शिडं शिवणारीनं मला छप्पर शिकवू नये. मी म्हटलं, मग बिअरही शिवणारीची नको. तुझी देवळी वारा अडवेल तेव्हा खोकं फुटेल, तोवर नाही. तो तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत जिना उतरला.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी पाव आणायला बाहेर पडले तर शेजारीण बाउक्ये आपल्या दारात हात बांधून उभी.

"यित्स्के, वर बघितलंस का गं?"

झेंडा गेला होता. त्याच्या जागी काठीला उलटा बांधलेला खराटा. या घरची मालकीण चिंधीचोर आहे, बिअर पाजत नाही, असं अख्ख्या गावाला सांगायची ही सुतारांची पद्धत. माझ्या आठवणीत हार्लिंगनमध्ये दोनदा लागला असेल. लोक अशा वेळी अंधार पडायची वाट बघत नाहीत, धावत जाऊन बिअर आणतात आणि खराटा उतरवून घेतात.

"काढायला सांगू का आमच्या ह्यांना?" बाउक्येनं विचारलं.

"हात लावू नका म्हणावं. चांगला खराटा आहे."

"लोक काय म्हणतील गं?"

"काय म्हणायचं ते वर बघून म्हणू देत. मान मोकळी होईल त्यांची."

पण खरं सांगू, लागलं मला. पावाच्या दुकानात बाई पैसे परत देताना जरा जास्तच गोड हसली. बंदरावर कुणीतरी विचारलं, यित्स्के, कॉफीबरोबर बिस्कीट तरी देतेस ना? मी घरी आले आणि स्वयंपाकघरात उभी राहून मोठ्यानं शिव्या घातल्या, एकटीनंच. मग सरळ वर गेले आणि कामाला लागले.

दोन आठवडे लागले. डावा गाल मी पूर्ण उघडला, देवळीचं छतही उघडलं. उजव्या गालाला हात लावला नाही. तो रिन्झेचा होता तसाच ठेवला, का ते पुढे सांगते. भरायला मी लाकडाच्या तंतूंचे मऊ तक्ते आणले आणि प्रत्येक तुकडा जागेपेक्षा बोटभर मोठा कापला. दाबून बसवला की तो स्वतःच फुगून कडेला घट्ट बसतो, फट राहत नाही. त्यावर, खोलीच्या बाजूला, नवा पडदा. दोन तुकडे जोडताना एकावर एक वीतभर चढवायचे आणि जोडावर चिकटपट्टी अशी दाबून बसवायची की तळहात तापला पाहिजे. विजेची वायर जिथून जाते तिथं तिच्याभोवती रबराची गळपट्टी.

आणि कोपरे. सुतार कोपरा आला की पडदा कापतो आणि वरून पट्टी मारतो. शिडाला तसं केलं तर पहिल्या वादळात फाटतं. शिवणारी बाई कोपरा कधी कापत नाही. दुमडते, चुणी घालते, चुणी पाठीमागे वळवते आणि मग दाबते. एका कोपऱ्याला मला अख्खी सकाळ लागली. गुडघे बोलायला लागले. पण मी त्या दिवशी खुशीत होते, हेही सांगितलं पाहिजे.

घर इतकं बंद केलं की आत हवा कुबट होणार, हे मलाही कळतं. म्हणून एक छोटा पंखा बसवून घेतला. जुनी हवा बाहेर टाकताना तिची ऊब तो नव्या हवेला देतो. विजेवाला पठ्ठ्या म्हणाला, बाई, हे गावात पहिलंच. मी म्हटलं, माझ्या घरातलं खराट्यानंतरचं दुसरं नवल.

मग मी रिन्झेला निरोप धाडला. ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी तपासणी ठेवली आहे, लेउवार्डनहून बाई फटी शोधायचं यंत्र घेऊन येणार. डावा गाल माझा, उजवा तुझा. हिंमत असेल तर ये.

रिन्झे आला, इस्त्रीचा शर्ट घालून. हार्मेनही आला, काखेत पाकीट. त्यात फ्लॅटचा कागद होता, हे सांगायला नको. बाउक्ये बोलावल्याशिवाय आली, सोबत साखरेचा पाव घेऊन.

तपासणीच्या बाईचं नाव नोर्चे. कामाव्यतिरिक्त एक शब्द बोलत नव्हती, मला आवडली. तिनं पुढच्या दारात लाल कापडाची चौकट ताणून बसवली आणि तिच्या मधोमध मोठा पंखा. त्या कापडाची शिवण मी बघून घेतली, बरी होती. पंखा घरातली हवा बाहेर ओढतो. मग जिथं जिथं फट असेल तिथून बाहेरचा वारा आत घुसतो आणि पकडला जातो.

"सगळ्या खिडक्या बंद आहेत ना?" नोर्चेनं विचारलं.

"आहेत," मी म्हटलं.

पंखा सुरू झाला. नोर्चे आकड्यांकडे बघत राहिली. पंखा वाढवला. परत बघितलं. तिच्या कपाळावर आठी आली.

"बाई, हे घर आहे की जाळी?"

हार्मेननं पाकीट टेबलावर ठेवलं. रिन्झेच्या मिशीखाली हसू फुटलं.

"शिवणकाम उसवलं वाटतं," तो म्हणाला.

दोन आठवडे, चार कोपरे, आणि हे? नोर्चे धुराची कांडी घेऊन खोलीखोलीतून फिरू लागली. स्वयंपाकघर, बैठक, जिना. जिन्याखालच्या संडासापाशी ती थांबली. दाराच्या फटीतून धूर असा काही उडाला की बाउक्ये मागं सरकली.

दार उघडलं तर आतली छोटी खिडकी चार बोटं उघडी.

मीच उघडली होती, सकाळी साडेसहाला. रोज उघडते. माझी आई उघडायची, आजी उघडायची. घर गोठलं तरी चालेल, पण संडासाची खिडकी बंद ठेवणाऱ्या बाईकडे आमच्याकडे लोक संशयानं बघतात. उघडलेली आहे हे मला दिसतच नव्हतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं.

रिन्झे भिंतीला टेकून हसला. बाउक्ये हसली. मग मीही हसले, काय करणार.

"माझ्याकडची पण उघडीच आहे गं आत्ता," बाउक्ये म्हणाली.

खिडकी लागेना. किती वर्षांत कुणी लावलीच नव्हती, बिजागऱ्यांवर रंगाचे थर. शेवटी रिन्झेनंच हातोडी आणली आणि तीन ठोक्यांत ती बसवली. हे मात्र त्याचं मानलं पाहिजे.

पंखा पुन्हा सुरू. या वेळी नोर्चेची आठी गेली. "आता बोलू," ती म्हणाली आणि आम्ही वर गेलो.

तिनं आधी उजव्या गालापाशी कांडी धरली, रिन्झेच्या. धूर दोन बोटं वर चढला आणि एकदम आडवा झाला, खोलीत पसरला. वरच्या कोपऱ्यात तर असा उडाला की नोर्चेनं डोळे मिटले. मग ती डाव्या गालापाशी आली. धूर सरळ वर गेला. तिनं कांडी खालच्या कोपऱ्यात नेली, सरळ. वायरीपाशी नेली, सरळ. माझ्या चुणीच्या कोपऱ्यापाशी ती बराच वेळ थांबली.

"हा कोपरा कुणी केला?"

"मी."

"कापलेला नाही?"

"दुमडलाय."

तिनं खिशातून फोन काढला आणि त्याचा फोटो घेतला.

रिन्झेला काही सांगावं लागलं नाही. हातच्या कांकणाला आरसा कशाला? तो आपल्या गालापुढे उभा राहिला, हात ओला करून स्वतः फिरवून बघितला. त्याची मान लाल झाली. मला वाटलं आता भांडेल. पण तो म्हणाला, "या गावात मी चाळीस देवळ्या बसवल्यात, यित्स्के."

"मग चाळीस घरांची दारं ठोठाव."

"तोंड घेऊन कसा जाऊ?"

"जसा खराटा घेऊन माझ्या छपरावर चढलास तसा."

मग तो वाकला, माझा कोपरा बोटानं चाचपला आणि म्हणाला, "ही चुणी पाठीमागे का वळवलीस?" मी दाखवलं. त्यानं पुन्हा विचारलं, मी पुन्हा दाखवलं. खाली जाताना तो म्हणाला की सोमवारी उजवा गाल उघडतो, तू समोर बस आणि बोल. खराटा त्यानं जाता जाता स्वतः उतरवला. बिअरचं खोकं मी त्याच्या गाडीत ठेवलं. तो नको म्हणाला, मी ऐकलं नाही.

सगळे गेले. घरात मी आणि हार्मेन. मी कॉफी ओतली. मला वाटलं, आता तो पाकीट उचलून खिशात घालेल.

त्यानं कागद बाहेर काढला, उलगडला आणि माझ्यापुढे सरकवला.

"हे काय?" मी म्हटलं. "खोली उबदार आहे. सोमवारनंतर आणखी होईल. सौदा काय ठरला होता?"

"माहीत आहे."

"मग?"

"आई, सही कर ना. प्लीज."

"हार्मेन, थंडीचं कारण संपलं. खरं काय ते बोल."

तो कपाशी खेळत बसला. बेचाळीस वर्षांचा घोडा, पण तोंड शाळेतून मार खाऊन आल्यासारखं.

"बाबा वर माळ्यावर पडले तेव्हा तू इथं खाली होतीस," तो म्हणाला. "भांडी घासत होतीस. अर्धा तास तुला कळलं नाही."

हे आम्ही दोघांनी कधी तोंडातून काढलं नव्हतं. माझ्या नवऱ्याला, वोब्बेला, जाऊन दोन वर्षं नऊ महिने झाले. त्या अर्ध्या तासात मी काय काय घासलं ते मला आजही क्रमानं सांगता येईल. मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली, आणि त्याला जवळ घ्यावंसंही वाटलं. दोन्हीतलं काही केलं नाही.

"तुला तर कुणी खालीपण नाही," तो म्हणाला. "तू वर पडलीस तर कुणाला कळणार?"

"तुला."

"मी तिकडे असतो."

"वीस मिनिटांवर असतोस. वर्षातून चार वेळा येतोस, त्यातल्या दोनदा हा कागद घेऊन. मी लिफ्टवाल्या घरात मेले तर कुणाला कळणार आहे? लिफ्टला?"

त्यानं कप बाजूला सरकवला.

"ऐक नीट. तुझा बाप जिथं काम करत गेला तिथंच मी काम करणार. गोठून नाही, रडत नाही, उबेत बसून. पडायचं तेव्हा पडेन. तुला माझी काळजी असेल तर मला उचलून दुसरीकडे ठेवू नकोस. तू ये."

मी त्याचं पेन घेतलं आणि सहीच्या जागी मोठ्या अक्षरांत लिहिलं, येत नाही. कागद त्याच्याकडे सरकवला. त्यानं तो वाचला, दोनदा वाचला. मग पाकिटात न घालता घडी करून शर्टाच्या खिशात ठेवला.

आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं. सकाळी सगळे वर गेलो होतो. रिन्झे, नोर्चे, बाउक्येसुद्धा धापा टाकत. हार्मेन नव्हता. देवळी बसल्यापासून नाही, आणि त्याआधीही नाही. वोब्बेला खाली आणलं त्या दिवसापासून माझा मुलगा त्या जिन्याच्या पहिल्या पायरीवर चढला नव्हता, आणि मी बया धुराच्या कांडीमागून फटी शोधत फिरत होते.

"कॉफी संपव," मी म्हटलं. "मग वर जाऊ."

"आत्ता नको, आई."

"आत्ताच. माझं मोठं शीड पसरलंय, मला एकटीला आवरत नाही. दुसरं टोक धरायला कुणीतरी लागतं."

त्यानं कॉफी घोट घोट करत संपवली. मी घाई केली नाही. मग त्यानं बूट काढले, जिन्यापाशी गेला आणि कठड्यावर हात ठेवून उभा राहिला. मी त्याच्या मागेच होते. पाचव्या पायरीवर तो थांबला, तेव्हा मी त्याच्या पाठीवर हात ठेवला, ढकलला नाही, नुसता ठेवला.

वर गेल्यावर त्यानं शिडाचं टोक दोन्ही हातांनी धरलं आणि मी शिवायला बसले.